लस पुण्यात बनली, पण ठरवले कुणी? कोविडकाळातील लसवाटपाचे आंतरराष्ट्रीय वाद

कोविड-१९ च्या लसींवरून २०२० ते २०२२ या काळात देशादेशांत जे वाद झाले, त्यांची माहिती आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना एका जागी मिळावी, म्हणून हा लेख लिहीत आहोत. या विषयावर दोनच प्रकारचे संदेश फिरत असतात. एका संदेशात भारताने साऱ्या जगाला लस पुरवली असे असते. दुसऱ्यात आपल्या लोकांच्या तोंडची लस परदेशात पाठवली असे असते. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे, म्हणूनच दोन्ही दिशाभूल करतात.

त्या काळात लसीचा तुटवडा होता, हे कुणी नाकारत नाही. पण लस कोणत्या कारखान्यात बनवायची, किती किमतीला विकायची, आधी कुणाला द्यायची आणि कुणाची खेप सीमेवर अडवायची, हे ठरवण्याचा अधिकार जगात फार थोड्या लोकांच्या हाती होता. बहुतेक वाद त्या अधिकाराचे होते.

रांग कशी लागली

लस तयार होण्याच्या कितीतरी आधी, २०२० च्या मध्यापासूनच, श्रीमंत देशांनी कंपन्यांशी आगाऊ खरेदीचे करार सुरू केले. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ आणि कॅनडा यांनी आपल्या लोकसंख्येला लागतील त्यापेक्षा जास्त डोस राखून ठेवले. कॅनडाचा साठा तर कागदावर लोकसंख्येच्या कित्येक पट होता. कोणती लस यशस्वी होईल हे माहीत नसल्याने चार-पाच ठिकाणी पैसे लावले, असे त्यांचे म्हणणे होते. एका देशापुरता विचार केला तर ते शहाणपणाचेच. पण सगळे श्रीमंत देश तसे वागले की रांगेत मागे उभ्या असलेल्यांना काही उरत नाही.

गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटना, गावी आणि सेपी या संस्थांनी मिळून ‘कोव्हॅक्स’ ही योजना काढली. सर्व देशांनी एकत्र खरेदी करायची आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायची, ही तिची मूळ कल्पना. २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी डोस देण्याचे उद्दिष्ट होते. श्रीमंत देशांनी कोव्हॅक्सला पैसे दिले, पण त्याच वेळी कंपन्यांशी स्वतंत्र करारही केले. सामायिक विहिरीला वर्गणी द्यायची आणि आपल्या वाड्यात बोअर मारायची, तसाच हा प्रकार. १८ जानेवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी जगासमोर हिशेब मांडला. ४९ श्रीमंत देशांत तोवर ३ कोटी ९० लाख डोस दिले गेले होते आणि एका अतिगरीब देशात २५. पंचवीस लाख किंवा पंचवीस हजार नव्हे, फक्त पंचवीस.

कोव्हॅक्सची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाची राजधानी अक्रा येथे उतरली. त्या खेपेतले ६ लाख डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनले होते. १९६६ साली स्थापन झालेली सीरम ही डोसांच्या संख्येने जगातली सर्वात मोठी लसउत्पादक कंपनी. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली लस बनवण्याचा परवाना तिला अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीकडून मिळाला आणि तीच लस आपल्याकडे ‘कोव्हिशील्ड’ नावाने आली. ऑक्सफर्डने आधी आपले संशोधन खुल्या परवान्याने देण्याची भाषा केली होती. पुढे हक्क एकट्या अ‍ॅस्ट्राझेनेकाला दिले गेले. कोव्हॅक्सची सुरुवातीची भिस्त मुख्यतः सीरमवर होती. पुण्यातून पुरवठा थांबला तर काय करायचे, याची दुसरी सोय जवळपास नव्हतीच.

मैत्री, आणि मग शांतता

२० जानेवारी २०२१ पासून भारत सरकारने शेजारी देशांना लस पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख डोस गेले. मोहिमेचे नाव ‘व्हॅक्सिन मैत्री’. मैत्री या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांना सांगायला नको. मात्र या मोहिमेतील आकडे नीट पाहावेत. निर्यात थांबेपर्यंत देशाबाहेर गेलेल्या सुमारे ६ कोटी ६० लाख डोसांपैकी भेट म्हणून दिलेले सुमारे १ कोटी ७ लाख होते. सुमारे ३ कोटी ५७ लाख डोस व्यापारी करारांनुसार विकले गेले आणि सुमारे १ कोटी ९८ लाख कोव्हॅक्सच्या वाट्याचे होते. म्हणजे बहुतांश लस दानात गेली नव्हती, तिचे पैसे मोजले गेले होते.

मार्च २०२१ च्या अखेरीस दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. सरकारने बंदीचा औपचारिक आदेश काढला नाही, खेपा फक्त निघेनाशा झाल्या. १ मे रोजी भारतात एका दिवसातील नव्या रुग्णांची नोंद चार लाखांच्या वर गेली. स्मशानांबाहेर रांगा असताना आधी आपल्या लोकांना लस द्या, असे म्हणणाऱ्या कुणालाही आम्ही दोष देणार नाही. पण चूक तिथे सुरू झाली नव्हती. अमेरिकेने २०२० च्या मध्यालाच कोट्यवधी डोसांची मागणी नोंदवली होती. आपल्या केंद्र सरकारची सीरमकडे पहिली खरेदी जानेवारी २०२१ मध्ये झाली आणि तीही १ कोटी १० लाख डोसांची. १३० कोटींहून अधिक लोकांच्या देशाने आगाऊ पैसे देऊन कारखान्याची क्षमता वेळीच वाढवली असती, तर शेजाऱ्यांचे आणि आपले पोट एकमेकांविरुद्ध उभे राहिले नसते.

शेजाऱ्यांवर काय वेळ आली, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या बातम्यांत ते फारसे आले नाही.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांहून कमी आहे. भारताकडून आलेला पहिला साठा त्यांनी लगेच वापरला नाही. सर्व प्रौढांना एकदम देता येईल इतकी लस जमेपर्यंत ते थांबले. मार्चमध्ये आणखी चार लाख डोस आले आणि २७ मार्चला मोहीम सुरू झाली. दिवस ठरवताना तिथल्या भिक्खू संघाचा सल्ला घेतला गेला. पहिला डोस माकडाच्या वर्षात जन्मलेल्या तीस वर्षांच्या स्त्रीला देण्यात आला. मुहूर्ताची ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही, आम्हालाही नाही. पण पुढचे काम पाहा. सुमारे दोन आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी ९३ टक्क्यांच्या आसपास लोकांना पहिला डोस मिळाला होता. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत आरोग्यसेवक चालत गेले.

आणि मग दुसऱ्या डोसासाठी लस नव्हती. भारताची निर्यात थांबली होती. दुसरा डोस बारा आठवड्यांत द्यायचा, तर जूनचा शेवट ही मर्यादा होती. ती उलटून गेली. भूतानच्या मंत्र्यांनी देशोदेशी विनंत्या केल्या. अखेर जुलैमध्ये अमेरिकेने कोव्हॅक्समार्फत मॉडर्नाचे पाच लाख डोस दिले, डेन्मार्कने अ‍ॅस्ट्राझेनेकाचे अडीच लाख दिले. २० जुलैला दुसरी फेरी सुरू झाली आणि एका आठवड्यात पात्र लोकांपैकी सुमारे ९० टक्क्यांचे लसीकरण पुरे झाले. ज्या देशाची यंत्रणा एवढी सज्ज होती, त्यालाही काही महिने हात जोडून बसावे लागले. ‘गरीब देशांना लस दिली तरी ते ती टोचू शकणार नाहीत’ असे तेव्हा वारंवार म्हटले जात होते. त्या म्हणण्याला भूतानइतके स्वच्छ उत्तर दुसरे नाही.

नेपाळने सीरमकडून २० लाख डोस विकत घेतले होते, बहुतांश रक्कम आगाऊ भरली होती, आणि हाती आले १० लाख. पासष्ट वर्षांवरील तेरा लाखांहून अधिक वृद्धांना पहिला डोस देऊन झाला होता, दुसऱ्याची वाट पाहत ते महिनोन् महिने थांबले. ऑगस्टमध्ये जपानने सुमारे १६ लाख डोस दिले तेव्हा कुठे काम पुढे सरकले. श्रीलंकेत सुमारे सहा लाख लोक दुसऱ्या डोसाविना अडकले. तिथेही जपानच मदतीला आला. बांगलादेशचा करार ३ कोटी डोसांचा होता, दरमहा ५० लाख. त्यातले ७० लाख मिळाले आणि पुढचे थांबले. मोकळी झालेली जागा चीनच्या सिनोफार्मने भरून काढली. दिल्लीतल्या परराष्ट्र धोरणाच्या जाणकारांना हेच शेवटचे वाक्य जास्त टोचले, वृद्धांची वाट पाहणी कमी.

कोव्हॅक्ससाठी सीरमची निर्यात पुन्हा सुरू झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. तोवर वर्ष संपत आले होते. २०० कोटींच्या उद्दिष्टापैकी २०२१ मध्ये कोव्हॅक्स सुमारे ९० कोटींपर्यंतच पोहोचू शकली.

खेपा अडवणारे इतरही होते

लस रोखून धरणारा भारत एकटा नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने युरोपीय संघाला कळवले की ठरलेल्यापेक्षा फारच कमी डोस मिळतील. ब्रिटनला मात्र पुरवठा चालू होता. संघाने निर्यातीवर परवानगीची अट घातली आणि मार्चमध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला निघालेले अडीच लाख डोस अडवले. संघाने कंपनीला ब्रुसेल्सच्या न्यायालयात खेचले, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. श्रीमंतांचे भांडण श्रीमंतांशी होते, त्यामुळे ते न्यायालयात सुटले. नेपाळला तसा काही दरवाजा नव्हता.

अमेरिकेने लसीवर थेट निर्यातबंदी जाहीर केली नाही. पण ‘डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्ट’ या युद्धकाळातल्या कायद्याने तिथल्या पुरवठादारांना आधी अमेरिकी मागणी पुरवावी लागे. लस बनवण्यासाठी लागणाऱ्या एकदाच वापरायच्या पिशव्या, गाळण्या आणि इतर सामान त्यामुळे अडकले. १६ एप्रिल २०२१ रोजी सीरमचे अदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना उघड ट्वीट करून हे सामान सोडण्याची विनंती केली. २५ एप्रिलला अमेरिकेने कोव्हिशील्डसाठी लागणारा कच्चा माल देण्याचे मान्य केले.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट किमतीची आहे. सीरमकडून घेतलेल्या डोसाला त्या देशाने ५.२५ डॉलर मोजले. युरोपीय संघाला हीच लस १.७८ युरोला, म्हणजे सव्वादोन डॉलरच्या आत पडत होती. युरोपने संशोधनात पैसे घातले म्हणून त्यांना स्वस्त, असे स्पष्टीकरण दिले गेले. पण या लसीच्या चाचण्या दक्षिण आफ्रिकेतही झाल्या होत्या. चाचणीसाठी दिलेले शरीर गुंतवणुकीत धरले जात नाही, हे त्यातून दिसते. त्याच वर्षी त्या देशातल्या अ‍ॅस्पेन कंपनीच्या कारखान्यात बाटल्यांत भरलेली जॉन्सन अँड जॉन्सनची लस युरोपला रवाना होत होती. आफ्रिकेतले बहुसंख्य लोक तेव्हा पहिल्या डोसाची वाट पाहत होते.

पेटंटचा झगडा

२ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत एक प्रस्ताव मांडला. साथ चालू असेपर्यंत कोविडच्या लसी, औषधे आणि चाचण्यांवरील पेटंट व इतर बौद्धिक संपदेची बंधने स्थगित करा, ही मागणी होती. ती अचानक आलेली नाही. तिच्यामागे एड्सच्या औषधांची लढाई आहे.

१९९५ मध्ये ट्रिप्स करार लागू झाला आणि पेटंटचे नियम जगभर एका साच्यात आले. एड्सवरची औषधे तेव्हा एका रुग्णाला वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर खर्चाची होती. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला, तर ३९ औषध कंपन्यांनी त्या सरकारवर खटला भरला. नेल्सन मंडेला यांचे नाव त्या खटल्यात प्रतिवादी म्हणून होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. भारतात तेव्हा औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त प्रक्रियेवर मिळे, म्हणून हे शक्य झाले. जगभर संताप उसळला, कंपन्यांनी एप्रिलमध्ये खटला मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे देशांनी मान्य केले की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला पेटंट बाजूला ठेवून सक्तीचा परवाना देता येतो. हे जाहीरनाम्यात कुणी कृपेने लिहिले नाही. त्यामागे एचआयव्हीग्रस्त कार्यकर्त्यांचे मोर्चे होते.

कोविडच्या प्रस्तावाला शंभरहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. युरोपीय संघ, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड विरोधात राहिले. ५ मे २०२१ रोजी अमेरिकेने लसींपुरता पाठिंबा जाहीर केल्यावर आशा वाढली. निर्णय झाला १७ जून २०२२ रोजी, म्हणजे वीस महिन्यांनी, आणि तो मूळ मागणीच्या सावलीइतका होता. सवलत फक्त लसींच्या पेटंटना, पाच वर्षांसाठी. औषधे आणि चाचण्यांचा प्रश्न पुढे ढकलला गेला आणि तिथेच विरला.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. पेटंट उठवले म्हणून उद्या कुणीही लस बनवू शकत नाही, असे ते म्हणत. ते बरोबर आहे. गोळीचे सूत्र कळले की दुसरा कारखाना ती बनवू शकतो. लस मात्र जिवंत पेशींत वाढवावी लागते, किंवा एमआरएनएसारखे नाजूक तंत्र लागते. कृती, अनुभव आणि प्रशिक्षण कंपनीने दिले तरच काम लवकर होते. मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्येच साथीच्या काळात आपले पेटंट वापरल्याबद्दल कुणावर खटला भरणार नाही असे जाहीर केले, पण कृती कुणाला दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये तंत्रज्ञान एकत्र जमवण्यासाठी केंद्र काढले, त्यात मोठ्या लस कंपन्यांपैकी एकही आली नाही. म्हणजे ‘पेटंट पुरेसे नाही’ असे सांगणारेच उरलेली गोष्ट कुलुपात ठेवून बसले होते. केपटाऊनच्या अ‍ॅफ्रिजेन कंपनीतील शास्त्रज्ञांनी शेवटी उघड उपलब्ध माहितीवरून मॉडर्नासारखी लस प्रयोगशाळेत बनवून दाखवली, फेब्रुवारी २०२२ मध्ये.

घरात वेगळा सूर

आता आपल्या सरकारकडे वळू. जिनिव्हात पेटंटविरोधी भूमिका घेणाऱ्या भारताच्या स्वतःच्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. कलम ८४ खाली मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला कर्करोगाच्या एका औषधाचा असा परवाना मिळाला होता आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८०० रुपयांवर आले होते. राष्ट्रीय आणीबाणीसाठी तर कलम ९२ आहेच. पण मे २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की या टप्प्यावर हा मार्ग वापरणे उलट अपायकारक ठरेल. बाहेर एक आणि घरात एक, असे चालले की बाहेरच्या बोलण्याचे वजन घटते. कोव्हॅक्सिन ही लस तर भारत बायोटेकने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर बनवलेली, तिचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला. तिच्यावर तरी सार्वजनिक हक्क सुरुवातीपासून ठणकावून सांगता आला असता.

वाटपाचा अन्याय देशातही होताच. एप्रिल २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे तीन दर जाहीर झाले. केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० (ओरड झाल्यावर ३००) आणि खासगी रुग्णालयांना ६००. १८ ते ४४ वयोगटाची जबाबदारी राज्ये आणि खासगी रुग्णालयांवर टाकली गेली. ३० एप्रिलच्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने केंद्राला विचारले की अनुसूचित जाती-जमातींच्या आणि वंचित लोकांचे काय, त्यांना खासगी रुग्णालयांच्या दयेवर सोडायचे काय? त्या धोरणाला न्यायालयाने पुढे सकृद्दर्शनी मनमानी म्हटले. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलले आणि २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के लस स्वतः घेऊन मोफत द्यायला सुरुवात केली. जातीचा प्रश्न साथीच्या धोरणात न्यायालयाने नाव घेऊन विचारला, ही नोंद आपल्या कार्यकर्त्यांनी जपून ठेवावी.

प्रमाणपत्राचा वादही आपल्या दारापर्यंत आला. ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने कोव्हिशील्डचे दोन डोस घेतलेल्या भारतीयांनाही लस न घेतलेल्यांप्रमाणे दहा दिवस विलगीकरण आणि स्वखर्चाने चाचण्या लावल्या. लस तीच, ऑक्सफर्डचीच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून तिकडे शिकायला निघणाऱ्या मुलामुलींसाठी हा खर्च लहान नव्हता. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तसेच नियम लावले आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने माघार घेतली. बरोबरीने उत्तर देण्याची ताकद भारताकडे होती. घाना किंवा नेपाळकडे ती नव्हती.

पुढचा करार

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने साथरोग करार संमत केला. अमेरिका त्या वाटाघाटींच्या शेवटच्या टप्प्यात नव्हती. तिने जानेवारीतच संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली होती. करारात सर्वात महत्त्वाची तरतूद अशी की नव्या विषाणूचे नमुने आणि माहिती देशांनी लवकर द्यायची आणि त्या बदल्यात सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात आपल्या उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य ठेवायचे. त्यातला किमान १० टक्के मोफत, उरलेला परवडणाऱ्या दरात.

या देवाणघेवाणीची मागणी इंडोनेशियाने केली होती, २००७ मध्ये. बर्ड फ्लूचे नमुने आम्ही द्यायचे, त्यावरून लस परदेशी कंपनीने बनवायची आणि ती आम्हाला परवडू नये, हे चालणार नाही, असे म्हणून त्या देशाने नमुने पाठवणेच थांबवले. त्यातून २०११ मध्ये इन्फ्लुएंझापुरती एक व्यवस्था उभी राहिली. नव्या करारात तीच कल्पना इतर साथींसाठी आणली आहे. मात्र कंपन्यांना बांधून घेणाऱ्या अटींचा तपशील करारात नाही, तो वेगळ्या परिशिष्टात ठेवला गेला. ते परिशिष्ट मान्य झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही, आणि नंतरही ६० देशांनी मंजुरी दिल्यावरच तो लागू होतो. कंपनीने २० टक्के दिले नाहीत तर तिला कोण जाब विचारणार, आणि तंत्रज्ञान देणे सक्तीचे की कंपनीच्या मर्जीवर, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या परिशिष्टात कोणत्या शब्दांत लिहिली जातात, ते वाचावे लागेल.